कारण : गाणी लिहिण्यासाठी

पंचायत समितीच्या आस्थापना टेबलावर माझी २९ वर्षं गेली. तिथे प्रकरण म्हणजे नाडीनं बांधलेली फाइल. रजेचं प्रकरण, पदोन्नतीचं प्रकरण, मयताच्या वारसाचं प्रकरण. अशी किती हाताखालून गेली त्याची मोजदाद नाही, आणि खरं सांगायचं तर एकदा जावक क्रमांक पडला की फाइलीतला माणूसही डोक्यातून जातो. हे एक मात्र गेलं नाही.

सप्टेंबर २०२२ चा शेवटचा आठवडा. एका पशुधन पर्यवेक्षकांचा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज आला. वय ४७, सेवा २३ वर्षं, चौकशी प्रलंबित नाही. आणि कारण? 'गाणी लिहिण्यासाठी'.

मी त्यांना बोलावून घेतलं. "डॉक्टर, असं कारण चालत नाही. 'कौटुंबिक अडचणीमुळे' लिहा, म्हणजे वरून त्रुटी निघणार नाही."

"घरी तर काहीच अडचन नाही, बाबू."

"मग प्रकृती लिहा."

"प्रकृती बी बरी आहे. गानेच लिवाचे आहेत, तर खोटं कायले लिवू?"

नियम २० वर्षांची अर्हताकारी, म्हणजे पेन्शनला धरली जाणारी, सेवा आणि ३ महिन्यांची नोटीस मागतो, कारण मागत नाही. पण मोकळा रकाना दिसला की आमच्या खात्याला झोप येत नाही. शेवटी 'वैयक्तिक कारणास्तव'वर तडजोड झाली. पहिल्या अर्जाची झेरॉक्स मी काढून ठेवली, ती अजून कपाटात आहे.

त्यांचं नाव इथे देत नाही, गावही नाही. वडसा आणि ब्रह्मपुरी यांच्यामधून वैनगंगा जाते, तिच्या काठचं धानाचं गाव, एवढं पुरे. दवाखाना श्रेणी-२, हाताखाली एक परिचर, आसपासची १४ गावं. खात्याच्या भाषेत ते पशुधन पर्यवेक्षक, पण ढोराला सुई टोचणाऱ्याला गाव डॉक्टरच म्हणतं, म्हणून मीही तेच म्हणतो. मोटारसायकलीच्या मागे नायट्रोजनचं भांडं बांधून फिरणारा हा माणूस मी कितीदा पाहिला असेल. उणे १९६ अंशांतली गोठवलेल्या वीर्याची नळी बाहेर काढायची, ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची, मग गायीला भरवायची. ते ३० सेकंद मोजायला डॉक्टर घड्याळाकडे पाहत नसत, ओठातल्या ओठात काहीतरी गुणगुणत. बरोबर तेवढ्या लांबीचं एक कडवं त्यांनी बांधलेलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

बाहेरच्या वाचकासाठी इथे थोडं थांबावं लागेल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. धान चुरून घरात आलं की दिवाळीपासून होळीपर्यंत इथे नाटकं होतात. मंडई म्हणजे गावची जत्रा असो की शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, पाहुणे गोळा झाले की रात्री नाटक हवंच. वडसा हे या धंद्याचं गाव. कंपन्यांची कार्यालयं तिथे, तारखा तिथेच ठरतात. २०२३ साली याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना झाडीपट्टी नकाशात शोधावी लागली असेल. खेळ रात्री दहा-अकराला उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. मांडवात बिछायतीवर म्हातारे, पोरं, लेकुरवाळ्या बाया. सोबत रजया आणलेल्या असतात आणि थंडी असते. रात्री दोनच्या सुमारास अर्धा मांडव पेंगायला लागतो, आणि त्याच वेळेला गाणं लागतं. झाडीपट्टीत गाणं लिहिणाऱ्याचं खरं काम हे आहे. वाचून दाद देणारा त्याचा गिऱ्हाईक नाही. पेंगलेल्या माणसाची मान वर करायची, आणि तीही पहिल्या ओळीत.

डॉक्टरांची सुरुवात पोळ्याच्या झडत्यांपासून. तोरणाखाली बैल उभे राहिले की टोमणे मारणाऱ्या झडत्या म्हणायच्या, त्यात सरपंचापासून तलाठ्यापर्यंत कोणी सुटायचं नाही. मग दिवाळीच्या दंडारीसाठी, म्हणजे इथल्या लोकनाट्यासाठी, गाणी. पुढे गावच्या नाट्यमंडळाला एक गाणं कमी पडलं तेव्हा एका रात्रीत लिहून दिलं. मोबदला ३०० रुपये आणि नारळ. मग एका कंपनीनं मागितलं, मग दुसऱ्या.

पहिलं मोठं गाणं कसं बदललं ते त्यांनी मला सांगितलं आहे. नाटकातली नायिका रोवणा, म्हणजे धानाची लावणी, संपल्यावर नवऱ्याची वाट पाहते आहे. डॉक्टरांनी लिहून नेलं होतं, 'विरहाच्या अश्रूंनी भिजला पदर'. तालमीत गायिकेनं दोनदा म्हणून पाहिलं आणि वही खाली ठेवली. म्हणाली, 'पदर'च्या 'र'वर मी किती थांबू? तोंड तर मिटते. शिवाय रोवण्याच्या बाईचा पदर अश्रूनं भिजते का चिखलानं? डॉक्टर त्या रात्री घरी गेले नाहीत. सकाळी जे दिलं ते असं :

रोवणा सरला, पाऊस उरला,
तू नाही आला बांधीला गा...

बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत, आणि 'गा' हे आमच्याकडचं पुरुषाला हाक मारायचं अक्षर. 'काय गा, कुठं चालला?' यातलं. त्याला वेगळा अर्थ नाही, पण तोंड उघडं राहतं आणि गायिकेला वाटेल तेवढा वेळ सूर धरून ठेवता येतो. 'विरह' हा शब्द गेला आणि विरह आला, असं मी म्हटलं तर डॉक्टर हसतात. म्हणतात, "तसं काही नाही बाबू, बाईचा सास पुरला पाहिजे, बस." त्या गाण्याला पहिल्याच प्रयोगाला दोनदा वन्समोर मिळाला. तेव्हापासून प्रत्येक ओळीचा शेवट ते आधी मोठ्यानं ओरडून पाहतात, शेतात जाऊन. गावात यावरून व्हायची तेवढी चर्चा झाली.

आता प्रकरणाच्या मुळाशी येतो. नोकरी आणि गाणी १०-१२ वर्षं शेजारी-शेजारी चालली होती, मग २०२२ सालीच असं काय घडलं? लोक सांगतात, मनानं घेतलं, आतून हाक आली. मला फाइलीत दिसलं ते वेगळं आहे. दिवाळीत नाटक उभं राहायचं तर तालमी त्याआधी, आणि गाणी तालमींच्याही आधी. म्हणजे लिहिण्याचा खरा हंगाम भादवा आणि अश्विन. २०२२ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात लंपीची, म्हणजे गुरांच्या त्वचारोगाची, साथ सुरू झाली आणि सप्टेंबरात गावोगाव गोट पॉक्सची लस टोचायचा आदेश निघाला. जनावरामागे १ मिली, कानात १२ आकडी बिल्ला नसेल तर तो मारायचा, संध्याकाळी आकडे वर कळवायचे. सुट्टी नाही, रविवार नाही. त्याच महिन्यात डॉक्टरांनी दोन कंपन्यांकडून सात गाण्यांचे पैसे आगाऊ घेतलेले. कोरोनात मांडव उभेच राहिले नव्हते, त्यानंतर धंदा कुठे सावरत होता, म्हणून कोणालाच नाही म्हणवलं नाही. सातपैकी चारच गाणी झाली. एका कंपनीनं उरलेली दुसऱ्याकडून लिहून घेतली आणि ते योग्यच केलं. डॉक्टर म्हणाले, "दिवसभर सुया टोचून रात्री वही उघडली तर डोक्यात फक्त बिल्ल्याचे नंबर."

त्यात एक निनावी अर्ज. 'शासकीय कर्मचारी असून नाटक कंपनीकडून पैसे घेतो.' नोटीस निघाली, खुलासा मीच लिहून दिला : काम नैमित्तिक आणि साहित्यिक स्वरूपाचं आहे, कर्तव्यात कसूर नाही. वर्तणूक नियम अशा कामाला मोकळीक देतात, तेव्हा प्रकरण तिथेच मिटलं. पण 'नैमित्तिक' हा शब्द डॉक्टरांना लागला. खुलाशावर सही करताना त्यांनी विचारलं, "म्हंजे कधीमधी? कधीमधीच करतो का मी?" मी म्हटलं, कागदापुरतं आहे. त्यांनी सही केली, आणि १५ दिवसांत स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज आला. लंपी आणि हा शब्द, माझ्या मते ही दोन कारणं. बाकी हाक वगैरे नंतर चिकटवलेलं.

धाडस केलं असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी आकडे दाखवतो. मूळ वेतन ५३,०००. त्यावर तेव्हाचा ३४ टक्के महागाई भत्ता, घरभाडं वगैरे धरून पगार पंचाहत्तर हजारांच्या आसपास. निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मं, म्हणजे २६,५००, त्यावर महागाई ९,०१०, एकूण ३५,५१०. पगार निम्म्याहून खाली आला, ५८ व्या वर्षापर्यंतच्या वेतनवाढी गेल्या, पण चूल विझण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टर १९९९ ला लागले हे या प्रकरणातलं सगळ्यात मोठं नशीब. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ ला किंवा नंतर जो नोकरीला लागला त्याला तेव्हा ही जुनी पेन्शन नव्हती. त्यांच्याच शेजारच्या दवाखान्यात २००७ चे एक पर्यवेक्षक होते, खंजिरीवर भजन बांधण्यात डॉक्टरांपेक्षा सरस, असं खुद्द डॉक्टरच म्हणतात. त्यांनीही माझ्यासमोर बसून हिशेब केला. त्यांचे पैसे राष्ट्रीय पेन्शन योजनेत. निवृत्तीच्या वयाआधी बाहेर पडलं तर जमा रकमेतला ८० टक्के भाग वार्षिकी, म्हणजे विमा कंपनीकडून मिळणारी ठरावीक पेन्शन, घेण्यात जातो, हातात २० टक्के, आणि वार्षिकी किती बसते ते पाहून त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला तेव्हा ते पहिल्या रांगेत होते. भजन आता शनिवारी. दोघांच्या सेवेत आठ वर्षांचं अंतर, गाण्यात काही अंतर नाही, आणि लेख मात्र एकावरच लिहिला जातो आहे, याची मला जाणीव आहे.

अंशराशीकरणावरून घरात खरं भांडण झालं. पेन्शनचा ४० टक्के भाग सरकारला देऊन एकरकमी पैसे उचलता येतात. दरमहा तेवढी कपात, १५ वर्षांनी पूर्ववत. म्हणजे महिन्याला १०,६०० कमी. डॉक्टरांच्या मनात गावातच रेकॉर्डिंगची खोली बांधायची होती, भिंतीला फोम, मोठा माइक, संगणक. वहिनी अंगणवाडी सेविका, मोजून-मापून बोलणाऱ्या. माझ्या टेबलासमोर बसून त्या म्हणाल्या, "भाऊजी, गाने लिवू द्या त्याहीले. पन पेन्शन विकाची नाही. माह्या पोरीचं नर्सिंगचं अजून दोन वर्ष बाकी आहे." डॉक्टर गप्प. मी अर्जातला तो रकाना 'नाही' असा भरला. खोली झाली नाही. गाण्याची चाल आजही मोबाइलवर म्हणूनच वडशाला जाते, मागे कोंबडा आरवतो त्यासकट. उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी यांतून पोरीची फी गेली आणि घरावर स्लॅब पडला. या प्रकरणात सगळ्यात शहाणा निर्णय कोणाचा, असं कोणी विचारलं तर मी वहिनींकडे बोट दाखवतो.

३१ डिसेंबर २०२२ ला डॉक्टर कार्यमुक्त झाले. शाल, श्रीफळ, आणि गटविकास अधिकाऱ्यांचं भाषण, ज्यात ते 'प्रकृतीच्या कारणास्तव' निवृत्त होत असल्याचं सांगितलं गेलं.

पहिल्या वर्षी त्यांनी चूक केली ती रिकाम्या वेळेची. पगार नाही म्हटल्यावर येईल ते घ्यायचं. हळदीची गाणी, वाढदिवसाची, ग्रामपंचायत निवडणुकीत दोन्ही पॅनलची. होय, दोन्ही. एकाच चालीवर. गावानं ते दोन दिवसांत ओळखलं आणि डॉक्टरांना महिनाभर पानठेल्यावर उभं राहणं कठीण झालं. पैसे आले, पण दिवाळीच्या नाटकांसाठी लिहिलेलं त्या वर्षीचं एकही गाणं मला आठवत नाही, आणि मला सहसा आठवतात.

दुसरी चूक कागदाची. 'बांधीला गा' हे गाणं एका यूट्यूब चॅनलवाल्याला हवं होतं. नवी गायिका, कीबोर्ड, ड्रोननं काढलेली धानाची शेतं. १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर सही घेतली आणि २,००० रुपये दिले. वर्षभरात ते गाणं वरातीत डीजेवर वाजायला लागलं. विरहाचं गाणं, पण ठोका दिला की लोक नाचतात, त्याला इलाज नाही. १० लाखांवर लोकांनी पाहिलं. डॉक्टर एका लग्नात जेवत बसले होते, वरात समोरून गेली, आणि बाजूचा माणूस म्हणाला, 'हे गानं जुनं आहे, आपल्या आजीच्या वेळचं.' ते मला हे सांगत होते तेव्हा त्यांना राग आला होता की आनंद झाला होता, मला ठरवता आलं नाही. लोकगीत समजलं जाणं ही मोठीच पावती, पण तिच्यावर सही नसते.

तो स्टॅम्पपेपर त्यांनी सही केल्यानंतर वर्षानं मला दाखवला. 'सर्व हक्क कायमस्वरूपी व जगभर.' मी वकील नाही, पण शासन निर्णय वाचण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला कायदा वाचायची भीती वाटत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ ला दुरुस्ती झाली. त्या कायद्याप्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर भारत एवढाच धरतात. इथे दोन्ही लिहून टाकलेलं, म्हणजे ती वाट बंद. पण दुरुस्तीनं आणखी एक गोष्ट केली. ध्वनिमुद्रित गाण्याच्या वापरातून येणाऱ्या मानधनात शब्द लिहिणाऱ्याचा समान वाटा असतो, आणि हा वाटा त्याला विकताही येत नाही, सोडूनही देता येत नाही. फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. उलट काही लिहून घेतलं असेल तर ते रद्दबातल. म्हणजे स्टॅम्पपेपरवरची सही खरी, आणि तरी तेवढा एक हक्क डॉक्टरांच्या नावावरच.

चॅनलवाल्याला आम्ही दोघं जाऊन भेटलो. चहा पाजला त्यानं. म्हणाला, "काका, इथं कोन देते रॉयल्टी? तुमाले पाहिजे तर अजून दोन गाने द्या, पाच-पाच हजार देतो." वाईट माणूस नव्हता, त्यालाही हा कायदा त्याच दिवशी कळला. डॉक्टर मग मुंबईच्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सदस्य झाले. १९६९ पासूनची संस्था, गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करून वाटणारी. अर्ज मी भरला, पॅन कार्ड, बँकेचा रद्द केलेला धनादेश, गाण्यांची यादी. सवयीनं वर 'विषय' आणि 'संदर्भ'ही लिहून बसलो. त्यातून आतापर्यंत आलेले पैसे चार आकड्यांच्या पुढे गेलेले नाहीत. वरातीच्या गाडीवर वाजलेल्या गाण्याची नोंद कोण कुठे ठेवणार? पण बँकेच्या पुस्तकात जमेच्या ओळीत आलेली ती रक्कम डॉक्टरांनी मला स्कूटर थांबवून दाखवली होती.

एक गोष्ट कोणत्याच हिशेबात नव्हती. निवृत्त झाल्यावरही रात्री-अपरात्री माणसं दारात येतात, म्हैस अडली, गाय उठत नाही. त्यांना सांगावं तरी काय? पशुवैद्यकाच्या १९८४ च्या कायद्याप्रमाणे पर्यवेक्षकाला किरकोळ उपचारसुद्धा नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच करता येतात. नोकरी सुटली की ती देखरेखही नाही. मी बजावलं होतं, सुईला हात लावायचा नाही. लावत नाहीत. पण जातात. कंदील धरून उभे राहतात, तालुक्याच्या डॉक्टरला फोन लावतात, तो येईपर्यंत म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत बसतात. मागच्या माघात एका खेळाच्या रात्री मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. त्यांचं गाणं तिसऱ्या अंकात होतं. दुसऱ्या अंकातच एक पोरगा वाकून कानाशी आला आणि ते उठून गेले. गाणं झालं, वन्समोर झाला, निवेदकानं नाव पुकारलं, आणि बक्षिसाचे ५०१ रुपये मी घेतले. पहाटे ते परत आले तेव्हा पायजमा गुडघ्यापर्यंत शेणानं भरलेला. मी पैसे दिले. त्यांनी विचारलं, "'गा'वर थांबली का?" मी म्हटलं, थांबली. "किती?" आता ते मी कुठे मोजलं होतं!

नोकरी सोडल्यावर तीन हंगाम झाले आहेत. दुसऱ्या हंगामापासून त्यांनी वाढदिवस आणि निवडणुका बंद केल्या. वर्षाला १५ गाणी, त्यापुढे नाही. दर २,५०० ते ४,०००, कंपनी बघून. वहिनी एका लांबट वहीत हिशेब ठेवतात, तीन रकाने : पेन्शन, अंगणवाडी, गाने. गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा ती वही ओट्यावर उघडी होती. गाण्याचा रकाना मार्चपासून कोरा. मी पाहतो आहे हे पाहून त्या म्हणाल्या, "तो असाच राह्यते पोळ्यापर्यंत, भाऊजी." आणि आत जाऊन एक स्टॅम्पपेपर घेऊन आल्या. नव्या कंपनीचा, अजून सही न केलेला. डॉक्टर शेतात ओरडायला गेले होते. "ते आल्यावर सही करतील, पन आधी तुमी वाचा. चष्मा आनला ना?"